सात मिनिटांची रात्र

१९८१ साली न्यू जर्सीतल्या शुगर हिल रेकॉर्ड्स या कंपनीनं एक बारा इंची रेकॉर्ड बाजारात आणली. तिच्यासाठी कुणी गिटार जुळवली नाही, कुणी ड्रमसमोर बसलं नाही. तेवीस वर्षांचा एक तरुण तीन टर्नटेबलांसमोर उभा राहिला आणि त्यानं सुमारे सात मिनिटं दुसऱ्यांच्या रेकॉर्ड वाजवल्या. ‘दि अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील’ हे तिचं नाव. पोलादी चाकं म्हणजे ती फिरणारी टर्नटेबलं. मला ही रेकॉर्ड त्या काळातल्या अमेरिकी संगीतातली एक अव्वल रचना वाटते. रचना हा शब्द मी जपून वापरतो आहे, कारण तिच्यातला एकही सूर वाजवणाऱ्याचा स्वतःचा नाही आणि तरीही ती सगळी त्याचीच आहे.

डीजेची रात्र ही मुळात सकाळपर्यंत नाहीशी होणारी गोष्ट. वस्तीतला छोटा बार किंवा क्लब, काउंटरच्या टोकाला दोन टर्नटेबलं, मध्ये मिक्सर, पायाशी रेकॉर्डांचे खोके. दहा वाजता आलेली माणसं बोलायला आलेली असतात. त्यांच्या गप्पांवर गाणं चढवायचं नसतं, त्यांच्या खालून ते वाहू द्यायचं असतं. अकरा-साडेअकराला कुणाचा तरी पाय खुर्चीखाली हलू लागतो. मग कुणीतरी ग्लास ठेवून उठतं, आणि त्या एका माणसाला पुन्हा बसू न देणं हे डीजेचं पुढच्या अर्ध्या तासाचं काम होऊन बसतं. कशानंतर काय, केव्हा, किती वेळ आणि सगळ्यात अवघड म्हणजे कुठे सोडायचं, एवढ्यावर ही कला उभी आहे. आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींनी तिचं नाव खराब केलं आहे. तिथे फक्त आवाज असतो, निवड नसते.

फ्लॅशनं सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, बागांमधून आणि ‘ब्लॅक डोर’, ‘डिक्सी’ यांसारख्या वस्तीतल्या लहानशा क्लबांमधून, अशा कितीतरी रात्री वाजवल्या. त्यांतलं जे उरलं ते हातोहात नकला होत गेलेल्या खरखरीत कॅसेटींवर. शुगर हिलची ही रेकॉर्ड म्हणूनच मोलाची आहे. त्या रात्रींमध्ये एक माणूस नेमकं काय करत होता, हे तिच्यात स्वच्छ ऐकू येतं.

त्याचं खरं नाव जोसेफ सॅडलर. जन्म १ जानेवारी १९५८चा, बार्बाडोसमधल्या ब्रिजटाउनचा; वाढला ब्राँक्समध्ये. वडिलांकडे रेकॉर्डांचा मोठा संग्रह होता आणि त्याला हात लावायची घरात सक्त मनाई होती. हात लावला की मार बसे, तरी तो लावत राहिला. व्यावसायिक शाळेत तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला. हे शिक्षण महत्त्वाचं, कारण पुढे त्यानं जे केलं त्यात कानाइतकाच सोल्डरिंगचा हात आहे.

त्याच्यासमोर दोन माणसं होती. एक कूल हर्क, म्हणजे जमैकाहून आलेला क्लाइव्ह कॅम्पबेल. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीतल्या सामाईक खोलीत हर्कच्या बहिणीनं पार्टी ठेवली. शाळेसाठी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. मुलींना प्रवेश २५ सेंट, मुलांना ५०. या आणि पुढच्या पार्ट्यांमध्ये हर्कच्या लक्षात आलं, की गाण्यात जिथे बाकीची वाद्यं थांबतात आणि नुसता ड्रम-बासचा ठेका उरतो, त्या काही सेकंदांसाठीच नाचणारे जीव टाकतात. त्याला ‘ब्रेक’ म्हणतात. हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तुकडा पुन्हापुन्हा वाजवू लागला. पण सुई तो नजरेच्या अंदाजानं टाकी. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना ठेका तुटे, लोक क्षणभर गोंधळत आणि मग पुन्हा लय पकडत.

दुसरा पीट डीजे जोन्स. हा प्रौढांच्या क्लबांमध्ये डिस्को वाजवणारा उंचापुरा माणूस. त्याची निवड सौम्य, पण एक गाणं संपून दुसरं कधी लागलं हे कळू नये इतका त्याचा जोड सफाईदार. फ्लॅशनं दोघांना ऐकलं आणि ठरवलं, की हर्कचा ब्रेक घ्यायचा आणि तो पीटच्या सफाईनं जोडायचा. हिप-हॉपच्या वादनाचा सगळा पाया या एका निर्णयात आहे, असं मी मानतो.

ठरवणं सोपं होतं, करणं नव्हतं. जोडायची रेकॉर्ड लोकांच्या आधी स्वतःला ऐकू यायला हवी. पीट ते हेडफोनमध्ये ऐकत असे; फ्लॅशनं त्यासाठी मिक्सरला स्वतः एक खटका बसवला. रेकॉर्ड हातानं थांबवली तरी खालचं ताट फिरत राहायला हवं. टर्नटेबलासोबत मिळणारी रबरी चटई ते होऊ देईना. त्यानं फेल्टचं कापड आणलं, त्याला खळ दिली, इस्त्री फिरवली, रेकॉर्डएवढा गोल कापला. ब्रेक कुठे सुरू होतो हे सुई उचलून शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून त्यानं रेकॉर्डवर मेणखडूनं खूण केली आणि किती वळसे मागे फिरवले की त्या जागी परत येतो, हे मोजलं.

हे मोजणं किती बारीक आहे ते पाहा. ३३⅓च्या वेगानं रेकॉर्डचा एक वळसा १.८ सेकंदांत पुरा होतो. मिनिटाला ११० ठोक्यांच्या गाण्यात चार ठोक्यांचं एक आवर्तन साधारण २.२ सेकंदांचं. म्हणजे एक आवर्तन मागे जायला हात एका वळशापेक्षा थोडा जास्त, सव्वाला किंचित कमी, उलटा फिरायला हवा. आणि हे करायचं ते दुसरी रेकॉर्ड वाजत असताना, तिचं आवर्तन संपायच्या आत. मग हात सोडायचा तो नेमका पहिल्या ठोक्यावर. आपल्या तबल्याच्या कानाला यात काय पणाला लागलं आहे ते लगेच कळतं. समेवर यायचंच आहे. फरक इतकाच, की इथे दर दोन-चार सेकंदांनी यायचं आहे.

ही विद्या घेऊन तो पहिल्यांदा बागेत उतरला तेव्हा लोक नाचलेच नाहीत. ते त्याच्याभोवती उभे राहून त्याचे हात बघत बसले. त्याला हे फार लागलं. नाचवण्यासाठी केलेल्या सगळ्या खटाटोपानं नाच थांबवला होता. मग लोकांना बोलतं आणि हलतं ठेवायला त्यानं माइकवर माणसं घेतली: आधी काउबॉय, मग मेली मेल आणि किड क्रिओल, पुढे आणखी दोघं. अशा रीतीनं फ्युरिअस फाइव्ह तयार झाले. माइकवरची माणसं डीजेच्या मदतीला आली होती, हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढे उलटंच घडलं. १९७९मध्ये शुगर हिलची ‘रॅपर्स डिलाइट’ ही रॅप रेकॉर्ड गाजली आणि रेकॉर्ड कंपन्यांना रॅप हवं झालं. डीजेचं काय करायचं, हे त्यांना कळेना. स्टुडिओत वादकांचा ताफा बसवून ठेका वाजवून घेणं त्यांना सोयीचं होतं. ‘फ्रीडम’, ‘बर्थडे पार्टी’ या रेकॉर्डांवर नाव पहिलं ग्रँडमास्टर फ्लॅशचं, आणि त्याची बोटं कुठेच नाहीत.

या पार्श्वभूमीवर १९८१ची ही रेकॉर्ड लावावी.

पहिल्याच क्षणी एक माणूस काहीतरी म्हणू पाहतो आणि अडखळतो. स्पूनी जी या रॅपरचा आवाज ‘मॉन्स्टर जॅम’ या रेकॉर्डवरून आलेला आहे. त्याचे पहिले दोन शब्द पुन्हा, पुन्हा, पुन्हा येतात; वाक्य पुढे सरकत नाही. कुणीतरी त्याला धरून ठेवलं आहे. माझ्या दृष्टीनं हीच या रचनेची नांदी: बोलणारा कितीही मोठा असो, इथे तो कधी बोलणार हे हात ठरवणार. मग हात सुटतो आणि वाक्य ठेक्यावर धाडकन पुरं होतं. जी सुटका वाटते ती आधीच्या अडवणुकीनं कमावलेली आहे.

त्यानंतर ब्लॉन्डी हा रॉक गट. ‘रॅप्चर’ हे त्यांचं गाणं त्याच वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. फॅब फाइव्ह फ्रेडी या चित्रकार मित्रानं ब्लॉन्डीच्या मंडळींना ब्राँक्समधल्या पार्ट्यांना नेलं होतं, आणि त्यांची गायिका डेबी हॅरी त्या गाण्यात फ्रेडीचं आणि फ्लॅशचं नाव घेऊन फ्लॅशच्या वेगाचं कौतुक करते. गाण्याच्या चित्रफितीत फ्लॅश यायचा होता. तो आला नाही आणि त्याच्या जागी टर्नटेबलांमागे चित्रकार ज्याँ-मिशेल बास्किया उभा राहिला. म्हणजे पुन्हा तेच. नाव आहे, हात नाही. फ्लॅश आता काय करतो? कौतुकाची ती ओळ येऊ देतो, आणि आपल्या वेगाबद्दलचा तो तुकडा आपल्याच वेगानं मागे खेचून पुन्हा वाजवतो, पुन्हा, पुन्हा. देशभर गाजलेल्या आवाजानं केलेल्या वर्णनाचा पुरावा तो त्या वर्णनातच घालतो. मला ही जागा ऐकताना दर वेळी आनंदानं ताठ बसावंसं वाटतं. स्वतःवर लिहिलेल्या ओळीला इतकं नेमकं उत्तर फार थोड्या कलावंतांनी दिलं असेल.

मग येतो या सात मिनिटांचा कणा. शीक या गटाचं १९७९चं ‘गुड टाइम्स’, बर्नार्ड एडवर्ड्सचा बास आणि नाइल रॉजर्सची गिटार. सुरुवातीला खालच्या सुरावर तीन ठाम ठोके, मग पायऱ्या चढत जाणारी बासची ओळ. ती रुळते न रुळते तोच तिच्या जागी क्वीनचं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ येतं, १९८०चं. तोच खालचा सूर, तेच तीन ठाम ठोके. फक्त ही ओळ पायऱ्या चढत नाही, जागच्या जागी घुटमळते आणि जरासं वर डोकावते. दोन्ही गाण्यांचा आधारस्वर ई. दोन्हींची लय मिनिटाला ११० ठोक्यांच्या आसपास. क्वीनचा बासवादक जॉन डीकन शीकच्या मंडळींसोबत स्टुडिओत काही वेळ घालवून आला होता आणि त्याची ओळ एडवर्ड्सच्या ओळीतूनच सुचलेली होती. लंडनच्या रॉक गटाचं हे गाणं जगभर वाजलं. त्याचं मूळ न्यूयॉर्कच्या काळ्या डिस्कोत आहे, हे सांगायला समीक्षकाला परिच्छेद लागला असता. फ्लॅश दोन रेकॉर्ड शेजारी ठेवतो, मिक्सरचा दांडा इकडून तिकडे सारतो, आणि नातं ऐकू येतं.

यातली आणखी एक गाठ लक्षात घेण्यासारखी आहे. ‘रॅपर्स डिलाइट’चा ठेकाही ‘गुड टाइम्स’चाच, शुगर हिलच्या वादकांनी पुन्हा वाजवलेला. नाइल रॉजर्सनं तो पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या एका क्लबात ऐकला. पुढे त्याचं आणि एडवर्ड्सचं नाव गीतकारांत घालावं लागलं. आता त्याच शुगर हिलच्या रेकॉर्डवर फ्लॅश नक्कल बाजूला ठेवून मूळ रेकॉर्ड वाजवतो आहे. डीजेनं वर्षानुवर्षं बारमध्ये आणि बागेत जे केलं होतं त्याची नक्कल करून कंपनीनं पैसा मिळवला, आणि दोन वर्षांनी त्याच कंपनीच्या स्टुडिओत डीजेनं मूळ वस्तू टेबलावर आणून ठेवली. हे त्यानं ठरवून केलं की हात सवयीनं तिकडे गेला, याला माझ्या लेखी महत्त्व नाही. ते तिथे आहे.

मध्येच ‘अपाचे’चा ड्रम येतो. जेरी लॉर्डन या इंग्रज रचनाकाराची ही धून शॅडोज या गटानं १९६० मध्ये गाजवली. १९७३मध्ये इन्क्रेडिबल बाँगो बँड नावाच्या, स्टुडिओपुरत्या जमवलेल्या ताफ्यानं ती पुन्हा वाजवली. जिम गॉर्डनचे ड्रम, किंग एरिसनचे बाँगो. ती विस्मरणात गेली असती. हर्कनं तिच्यातला लांबलचक ब्रेक शोधला आणि ब्राँक्सच्या पोरांनी तिला आपलं राष्ट्रगीतच केलं. फ्लॅश ती फार वेळ ठेवत नाही. ओळखीच्या माणसाला खोलीच्या पलीकडून मान हलवावी तेवढीच ती येते आणि जाते. वस्तीतल्या बारमध्ये नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी अशी एखादी रेकॉर्ड असतेच. ती पूर्ण वाजवायची गरज नसते, ती खोक्यात आहे एवढं त्यांना कळलं की पुरतं.

आणि मग ठेका थांबतो. बोलण्याची रेकॉर्ड लागते: गोष्ट सांग म्हणून मागे लागलेलं मूल, आणि सांगायला बसलेला मोठा माणूस. नाचाच्या ऐन भरात असं करायला धाडस लागतं. बारमध्ये डीजेला ज्याची सगळ्यात जास्त भीती असते ती शांतता तो हातानं आणतो. पण इथेच सगळ्या तुकड्यांना सूत्र मिळतं. नावात ‘अ‍ॅडव्हेंचर्स’ आहे, साहसकथा आहे. कथानायक वाजवणारा आहे, आणि तो आपल्या तोंडानं एक अक्षर बोलत नाही. त्याची गोष्ट डेबी हॅरी सांगते, फ्युरिअस फाइव्ह सांगतात, जुन्या रेकॉर्डवरचा एक अनोळखी माणूस सांगतो. रात्रभर खोलीवर राज्य करणारा डीजे बहुधा एक शब्दही बोललेला नसतो. त्या मुकेपणाला इतका नेमका आकार दिलेली दुसरी रेकॉर्ड मला माहीत नाही.

स्क्रॅचही इथे भरपूर आहे: रेकॉर्ड पुढेमागे घासून सुईतून काढलेला तो खरखरता चित्कार. हे तंत्र फ्लॅशच्या हाताखालच्या लहानग्या थिओडोरचं, ज्याला पुढे ग्रँड विझर्ड थिओडोर म्हणू लागले. खोलीत आलेली आई रागावत असताना त्यानं चालू रेकॉर्ड हातानं धरून ठेवली आणि हेडफोनमध्ये तो आवाज ऐकला, असं तो सांगत आला आहे. रेकॉर्डवर हा आवाज पकडला गेल्याच्या सुरुवातीच्या काही उदाहरणांत ही रेकॉर्ड येते.

सगळंच सारखं उतरलेलं नाही. उत्तरार्धात शुगरहिल गँगचं ‘एट्थ वंडर’ आणि फ्युरिअस फाइव्हचे तुकडे येतात तेव्हा कंपनीचा माल दाखवल्याचा भास होतो. स्टुडिओच्या वादकांनी घोटून केलेला तो ठेका ‘गुड टाइम्स’शेजारी पातळ वाटतो. जल्लोष ऐकू येतो, पण तो रेकॉर्डवरचा जल्लोष आहे. ‘डिक्सी’मधल्या खऱ्या गर्दीनं फ्लॅशला इथे वेगळी दिशा दिली असती असं वाटत राहतं. समोर माणसं नसलेली डीजेची रात्र कुठेतरी अपुरीच राहते. या रेकॉर्डची मर्यादा असेल तर ती हीच.

तिची भरपाई तो दुसऱ्या बाजूनं करतो. स्टुडिओत चुकलेली जागा तेवढी पुन्हा घेऊन जोडता येते. फ्लॅशनं ते नाकारलं. हात चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे या सात मिनिटांत जो ताण आहे तो खरा आहे. सहाव्या मिनिटाला मिक्सरवर गेलेल्या हाताला मागची साडेपाच मिनिटं गमावण्याची भीती आहे आणि ती ऐकू येते. मैफलीत लांब तान घेतलेल्या गायकाबद्दल श्रोता जसा धास्तावतो, तसाच मी इथे धास्तावतो.

त्याच वर्षी मॅनहॅटनमधल्या ‘बाँड्स’ या सभागृहात इंग्रज पंक गट क्लॅशच्या कार्यक्रमाआधी फ्लॅश आणि फ्युरिअस फाइव्ह वाजवायला उभे राहिले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांच्यावर पेले फेकले. ब्राँक्सपासून थोड्याच मैलांवर लोकांना हे संगीत वाटत नव्हतं. दोन वर्षांनी हर्बी हॅनकॉकच्या ‘रॉकिट’मधून स्क्रॅच घराघरांत पोचला. तुकडे निवडून नवं गाणं रचायची ही रीत पुढे थेट आपल्या दारापर्यंत आली: १९८१च्याच ‘ज्योती’ चित्रपटात लता मंगेशकरांनी गायलेल्या, बप्पी लाहिरींच्या ‘थोडा रेशम लगता है’चा तुकडा २००२मध्ये ट्रुथ हर्ट्सच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या अमेरिकी गाण्यात वाजला आणि त्यावरून अमेरिकेतल्या कोर्टात खटला झाला. परवानगी न घेता उचलणं मला मान्य नाही. पण फ्लॅश रेकॉर्डशी जे वागतो ते उचलेगिरीपेक्षा वेगळं आहे. तो मूळ गाण्याला त्याच्या नातेवाइकांच्या शेजारी नेऊन बसवतो, आणि ते आधीपेक्षा जास्त ओळखू येतं.

२००७मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरिअस फाइव्ह यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. तिथे गेलेला हा पहिला हिप-हॉप गट. २०१९मध्ये फ्लॅशला स्वीडनचं पोलर संगीत पारितोषिक मिळालं, त्याच वर्षी ते व्हायोलिनवादक अ‍ॅने-सोफी मुटर यांनाही मिळालं. सन्मान उशिरा आले, पण योग्य ठिकाणी आले.

ही रेकॉर्ड ऐकायची असेल तर माझी एक विनंती आहे. आधी ‘गुड टाइम्स’ पुरं ऐका, बासकडे कान ठेवून. मग क्वीनचं गाणं, मग ‘रॅप्चर’, मग ‘अपाचे’. चारही कानात बसली की फ्लॅशची सात मिनिटं लावा, हेडफोनवर, एका बैठकीत. आणि चार्ली अहर्नचा ‘वाइल्ड स्टाइल’ हा चित्रपट मिळाला तर त्यातला स्वयंपाकघरातला प्रसंग चुकवू नका. ओट्याशेजारी टर्नटेबलं मांडून फ्लॅश त्यात वाजवतो, आणि कान जे ओळखतो ते तिथे हातांत बघायला मिळतं.